‘स्पेशल एडिशन’ची पारख: डिस्कवरचं चित्र आलं कुठून?

‘ग्लॅडिएटर’ सुरू होतो तो जर्मेनियातल्या लढाईने. जंगलाच्या कडेला रोमन सैन्य, समोर टोळ्या, आणि मग पेटत्या बाणांचा वर्षाव. २००० साली ज्यांनी हा प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहिला, त्यांच्या तो आजही डोळ्यांसमोर आहे. २००९ साली पॅरामाउंटने हा चित्रपट ‘सफायर सिरीज’ या आपल्या खास मालिकेत ब्ल्यू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कवर, आणला. थिएटरमधली १५५ मिनिटांची आवृत्ती, शिवाय १७१ मिनिटांची वाढीव आवृत्ती, वर भरपूर जादा साहित्य. लोकांनी हौसेने घेतला, घरी लावला, आणि लढाईतले काही बाण उडता उडता नाहीसे झालेले दिसले. फ्रेम थांबवून पाहिली की चोरी पकडता येत होती: एका फ्रेममध्ये बाण आहे, पुढच्या फ्रेममध्ये त्याच्या जागी नुसतं आभाळ.

हे झालं कसं, ते समजून घेतलं की स्पेशल एडिशनची निम्मी परीक्षा समजते. जुन्या फिल्मवर धूळ असते, चरे असतात. ते काढायला संगणकाचा प्रोग्राम वापरतात. हा प्रोग्राम प्रत्येक फ्रेम तिच्या मागच्या आणि पुढच्या फ्रेमशी ताडून बघतो. एखादा ठिपका किंवा रेघ मधल्या एकाच फ्रेममध्ये असेल आणि आजूबाजूच्या फ्रेममध्ये नसेल, तर तो ती घाण समजून पुसतो आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे बसवतो. आता वेगाने जाणारा बाणही त्या जागी एकाच फ्रेमपुरता असतो. प्रोग्रामला बाण आणि ओरखडा यातला फरक कळत नाही. तो माणसाला कळतो, पण त्यासाठी माणसाने प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून घालावी लागते. १५५ मिनिटांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने सव्वादोन लाखांच्या आसपास फ्रेम होतात. ते काम खर्चाचं आहे, आणि खर्च टाळला की बाण पुसले जातात.

त्याच डिस्कवर आणखी एक गंमत उघड झाली होती. वाढीव आवृत्तीतले जादा प्रसंग उरलेल्या चित्रपटापेक्षा स्वच्छ, खोल आणि तपशीलवार दिसत होते. कारण सरळ होतं: मूळ चित्रपटासाठी डीव्हीडीच्या काळातला जुना मास्टर, म्हणजे ज्या प्रतीवरून डिस्क बनवतात ती, वापरला होता, आणि जादा प्रसंग नंतरच्या चांगल्या स्कॅनमधून घेतले होते. पुढे २०१० साली नव्या मास्टरवरून सुधारलेली डिस्क आली आणि बाण जागेवर आले. पण ही दुरुस्ती झाली ती प्रेक्षकांनी आणि परीक्षकांनी फ्रेम थांबवून चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली म्हणून.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की डिस्कचं परीक्षण करताना पहिला प्रश्न एकच विचारावा: हे चित्र आलं कुठून? डब्यावर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिलेलं असतं, पण त्या शब्दांना काही ठरलेलं मोजमाप नाही. जुन्याच मास्टरवर थोडे रंग फिरवले तरी ते लिहिता येतं, आणि मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून वर्षभर खपलं तरी तेच लिहितात.

फिल्मच्या काळात कॅमेऱ्यात जी फिल्म फिरायची ती मूळ निगेटिव्ह. ती कापून जोडून चित्रपट तयार व्हायचा. तिला हात कमी लागावेत म्हणून तिच्यावरून एक इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे मधली पॉझिटिव्ह प्रत, काढायचे, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरांत जाणाऱ्या शेकडो प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर जाड आणि धूसर होत जातं, तसंच इथे दर पायरीला बारकावे कमी होतात, काळोखातले तपशील बुजतात, रंग एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ‘मूळ निगेटिव्हवरून ४के स्कॅन’ (४के म्हणजे आडवे सुमारे चार हजार बिंदू) या शब्दांना वजन आहे. चांगल्या कंपन्या हे पुस्तिकेत स्पष्ट छापतात: कोणत्या घटकावरून स्कॅन केलं, कुठे केलं, रंग कोणी पाहून मंजूर केले. जिथे यातलं काहीच लिहिलेलं नसतं तिथे मला आधीच शंका येते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते.

निगेटिव्हच हाती नसेल तर? सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका लॅबोरेटरीला लागलेल्या आगीत होरपळल्या. कडक झालेल्या, वितळून चिकटलेल्या त्या फिल्मची रिळं कुणी फेकून दिली नाहीत. ती अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या संग्रहालयात जपून ठेवली गेली आणि वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या लॅबमध्ये पोचली. तिथल्या कारागिरांनी रसायनांनी फिल्म पुन्हा मऊ केली, जुनी टेप आणि गोंद काढला, तुटलेली कडेची भोकं हाताने नव्याने बसवली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून स्कॅन करता आला. ‘अपुर संसार’च्या निगेटिव्हचा एकही तुकडा वापरण्याजोगा उरला नव्हता, म्हणून तो संपूर्ण दुसऱ्या संग्रहांतल्या प्रतींवरून घेतला. जुन्या आणि महत्त्वाच्या चित्रपटांच्या खास आवृत्त्या काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या २०१५ च्या संचात हे तिन्ही चित्रपट पाहताना काही ठिकाणी चित्राचा पोत बदललेला जाणवतो, तो यामुळे. परीक्षणात तो दोष म्हणून लिहिणं अन्यायाचं ठरेल. आपल्याकडे पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या, चटकन पेटणारी जुनी नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारात आग लागली, आणि प्रभातच्या काळाचा मोठा ठेवा गेला. तिथे मऊ करायलाही काही शिल्लक राहिलं नाही.

आता ग्रेनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फिल्मवरचं चित्र सूक्ष्म कणांनी बनलेलं असतं. मोठ्या पडद्यावर ते कण सळसळताना दिसतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. गालावरची सुरकुती, दाढीचे खुंट, कापडाची वीण हे सगळं त्या कणांतूनच उमटलेलं असतं. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर बिंदूंचं. त्यात ग्रेन जवळपास दिसतच नसे. ब्ल्यू-रेवर १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांवर बिंदू आले, ४के डिस्कवर त्याच्या चौपट. चित्र उघडं पडलं तसे कणही दिसायला लागले, आणि नवा मोठा टीव्ही घेतलेल्यांनी तक्रार सुरू केली की चित्रात ‘मुंग्या’ आहेत.

कंपन्यांनी ती तक्रार फारच मनावर घेतली. ‘प्रिडेटर’ हा १९८७ चा चित्रपट जंगलातला, चांगला खरखरीत. त्याची पहिली ब्ल्यू-रे २००८ साली आली, तिच्यात ग्रेन भरपूर होता. २०१० साली ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ आली, आणि तिच्यात सगळे कण घासून काढलेले होते. आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या चेहऱ्यावर घाम, माती, काळे पट्टे असायला हवेत. त्या डिस्कवर तो मेणाचा दिसतो. मागची पानंही गुळगुळीत झाली. कण काढले की कणांतून बनलेलं चित्रही जातं, ते मागे राहत नाही. नावाने ‘अल्टिमेट’ असलेली ती आवृत्ती आजही कसं करू नये याचं उदाहरण म्हणून दाखवली जाते.

हे ओळखायला महाग यंत्र लागत नाही. एखाद्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला, फारशी हालचाल नसलेला शॉट थांबवा. कातडीला पोत आहे का? केस सुटे दिसतात की रंगाचा एकच थर? मग तोच चेहरा हलू द्या. स्थिर असताना स्वच्छ आणि हलताच पुसट होत असेल, तर सफाईचा प्रोग्राम जास्त चालवलेला आहे. गडद वस्तूंच्या कडेने बारीक पांढरी रेघ दिसत असेल, तर धार कृत्रिमपणे वाढवली आहे. मात्र त्याआधी स्वतःचा टीव्ही तपासा. हालचाल सुळसुळीत करणारी सोय बंद, ‘व्हिव्हिड’ मोड बंद, शार्पनेस अगदी खाली. कितीतरी वेळा डिस्कला दिलेल्या शिव्या खऱ्या तर टीव्हीच्या सेटिंगला द्यायच्या असतात.

गेल्या काही वर्षांत यात नवी भर पडली आहे. २०२४ साली जेम्स कॅमेरॉनचे ‘एलियन्स’, ‘द अबिस’ आणि ‘ट्रू लाइज’ ४के डिस्कवर आले. त्यांच्यावर एआयच्या, म्हणजे असंख्य चित्रं दाखवून शिकवलेल्या, प्रोग्रामांनी चित्र ‘सुधारण्या’चं काम झालेलं आहे. तिघांत ‘ट्रू लाइज’वर सर्वाधिक टीका झाली. इथे धोका वेगळा आहे. जुना प्रोग्राम तपशील पुसायचा, हा नवा तपशील रचतो. कॅमेऱ्याने न टिपलेली पापणी, न टिपलेली सुरकुती अंदाजाने काढून बसवतो. पहिल्या नजरेला चित्र लखलखीत वाटतं, आणि पाच मिनिटांनी चेहरे ओळखीचे असूनही परके वाटायला लागतात. दिग्दर्शकाची संमती आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. तो चित्रपट पाहिलेल्या माणसांचाही त्या चेहऱ्यांवर थोडा हक्क आहे.

रंगांबाबत मात्र परीक्षकाने जपून लिहावं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती २०११ साली ब्ल्यू-रेवर आली, तेव्हा सगळ्या चित्रावर हिरवट झाक होती. पांढरंशुभ्र असायला हवं ते बर्फही त्यातून सुटलं नव्हतं. २०२० च्या ४के आवृत्तीत रंग पुन्हा नव्याने ठरवले गेले. यातलं ‘खरं’ कोणतं, हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही, कारण रंगांची आठवण फसवी असते. जुनी डिस्क, त्या काळची प्रिंट, छायाचित्रणकाराने सांगितलेलं काही, असा पुरावा समोर ठेवून बोलावं. उजेड आणि काळोख यांतलं अंतर वाढवणारं एचडीआर तंत्र आल्यापासून तर दिवे आणि सूर्यप्रकाश हवे तितके झगझगीत करता येतात, आणि १९७० च्या दशकातल्या मवाळ प्रकाशाच्या चित्रपटांवर तो मोह नीट आवरावा लागतो.

आता दुसरा मोठा प्रश्न: डब्यात नेमका कोणता चित्रपट आहे? ‘ग्लॅडिएटर’च्याच दिग्दर्शकाचा, रिडली स्कॉटचा, ‘ब्लेड रनर’ घ्या. २००७ साली आलेला त्याचा पाच डिस्कचा संच माझ्या मते लोकप्रिय चित्रपटाच्या स्पेशल एडिशनचा मापदंड आहे. १९८२ साली अमेरिकेत हा चित्रपट लागला तेव्हा निर्मात्यांनी त्यात नायकाचं निवेदन घातलं होतं आणि शेवट गोड केला होता. त्या गोड शेवटातली डोंगरांवरून घेतलेली दृश्यं स्टॅनली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी घेतलेल्या आणि न वापरलेल्या फिल्ममधली. १९९२ च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये निवेदन गेलं, गोड शेवट गेला, युनिकॉर्नचं स्वप्न आलं. पण तेव्हाही स्कॉटला पुरेसा हात फिरवता आला नव्हता. ती संधी मिळाली २००७ च्या ‘फायनल कट’मध्ये.

त्यातल्या दुरुस्त्या पाहण्यासारख्या आहेत. झोरा हे पात्र काचा फोडत पळतं त्या प्रसंगात पूर्वी विग घातलेली स्टंट करणारी बाई सहज ओळखू येत असे. पंचवीस वर्षांनी अभिनेत्री जोआना कॅसिडीला पुन्हा बोलावून तिचा चेहरा चित्रित केला आणि तिथे बसवला. साप विकणाऱ्याशी बोलताना हॅरिसन फोर्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते. तिथे त्याच्या मुलाचे, बेन फोर्डचे, ओठ वापरले. शेवटी रात्रीच्या पावसातून कबुतर उडतं ते एकदम दिवसाच्या निळ्या आभाळात जायचं. ते आभाळ आता चित्रपटाच्या रात्रीशी जुळतं. मूळ निगेटिव्ह ४के आणि ६५ मिलिमीटरवरची विशेष दृश्यं ८के स्कॅन केल्यामुळे शहराची ती सुरुवातीची दृश्यं पाहताना माणूस गप्प होतो.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की संचात आधीच्या चारही आवृत्त्या आहेत: सुरुवातीची वर्कप्रिंट (काम चालू असतानाची कच्ची प्रत), १९८२ ची अमेरिकन, १९८२ ची आंतरराष्ट्रीय आणि १९९२ ची. ज्याला निवेदनासकट पाहायचा आहे त्याने तसा पाहावा. याच्या उलट ‘स्टार वॉर्स’. १९९७ साली जॉर्ज लुकासने पहिल्या तीन चित्रपटांत नवी दृश्यं घातली, जुनी बदलली, आणि पुढे हेच चित्रपट खरे असं ठरवलं. १९७७ साली लोकांनी पाहिला तो चित्रपट २००६ साली डीव्हीडीवर आला तोही जादा साहित्य म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) केलेल्या मास्टरवरून. दिग्दर्शकाने आपला चित्रपट खुशाल बदलावा. पण पहिला दडवून ठेवला तर त्या संचाला पूर्ण गुण देता येत नाहीत, चित्र कितीही सुंदर असलं तरी.

आपल्याला हा प्रश्न ‘शोले’मुळे फार जवळचा आहे. १९७५ साली आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारतो तो मूळ शेवट, आणि पोलीस येऊन त्याला अडवतात तो थिएटरात आलेला. पुढे मूळ शेवटाची प्रत व्हिडिओवर फिरत राहिली. म्हणजे ‘शोले’ची कॅसेट किंवा डिस्क म्हटल्यावर शेवट कोणता, हे आधी विचारायला हवं. २०२५ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी तो मूळ शेवटासह जतन करून घेतला आणि बोलोन्याच्या ‘इल चिनेमा रित्रोवातो’ महोत्सवात दाखवला.

लांबी बघताना एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ ऐवजी सेकंदाला २५ फ्रेम धावतात. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. काही कापलेलं नसतं. ब्ल्यू-रेवर हा प्रश्न सहसा येत नाही.

आवाजाकडे परीक्षक फार कमी लक्ष देतात. जुना मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा, चित्रपट ५.१ मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरसाठी, ‘नवा’ केला की डब्यावर ते ठळक छापतात. पण तसं करताना कधीकधी पावलांचे, दारांचे, बंदुकीचे आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’च्या १९९६ च्या पुनरुज्जीवनात तसं झालं आणि त्यावर बराच वाद झाला. माझा साधा नियम: नवा ट्रॅक असू दे, मूळ ट्रॅकही निवडता आला पाहिजे.

डिस्कवर चित्र किती दाबून भरलंय तेही पाहावं. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जेमतेम ९.८ मेगाबिट माहितीची जागा मिळत असे, ब्ल्यू-रेवर ४० पर्यंत, ४के डिस्कवर सगळं मिळून १२८ पर्यंत. स्ट्रीमिंगवर ४के साधारण १५ ते २५ मध्ये भागवतात. धूर, पाऊस, धुकं, गर्दी हे प्रसंग लावून बघा. ‘ब्लेड रनर’मध्ये तर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात यातलं काहीतरी आहे, म्हणूनच त्याची डिस्क कसोटीची मानतात. आभाळात किंवा धुक्यात रंगाचे पट्टे पडले, चौकोन चमकले, की समजावं जागा कमी पडली आहे.

जादा साहित्याचं मला मनापासून अगत्य आहे. १९८४ साली क्रायटेरियनने ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर आणला तेव्हा रोनाल्ड हेवर या चित्रपट-जतनकाराने चित्रपट चालू असताना दुसऱ्या ट्रॅकवर बोलत तो समजावून सांगितला. ऑडिओ कॉमेंट्रीची सुरुवात ती. तेव्हापासून घरबसल्या चित्रपटाचं शिक्षण मिळायला लागलं. ‘ब्लेड रनर’च्या संचातला साडेतीन तासांचा माहितीपट, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाढीव डीव्हीडी संचांतले तासन् तास चालणारे माहितीपट, यांतून कितीतरी मुलं छायाचित्रण आणि संकलनाकडे वळली असतील. याउलट प्रसिद्धीसाठी काढलेल्या पाच-पाच मिनिटांच्या फिती, ज्यात सगळे एकमेकांचं कौतुक करतात, त्या वेळ खातात. कॉमेंट्री ऐकताना मी एवढंच बघतो: बोलणारा त्या क्षणी पडद्यावर काय आहे त्याबद्दल बोलतोय का, आणि अडचणी सांगतोय का?

मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. आपल्या घरात चित्रपट आले ते व्हीसीडीवर, ३५२ बाय २८८ चे. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, कडा कापलेल्या, आणि रंगात आलं की डिस्क बदलायला उठायचं. मोजर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा मराठी चित्रपट गावोगावी पोचले, हे त्यांचं मोठंच काम. पण मास्टर कुठला, निगेटिव्ह कुठे आहे, हे विचारायला त्या किमतीत कुणाला सवड नव्हती. आज ज्या मराठी चित्रपटांची बरी प्रत म्हणून तीच डिस्क उरली आहे, त्यांचे निर्माते आणि वारस यांनी निगेटिव्ह शोधून पुण्याच्या संग्रहालयात पोचवल्या तरच पुढे काही होऊ शकेल. स्कॅन नंतर कधीही करता येतं.

परदेशातून संच मागवणाऱ्यांनी खरेदीपूर्वी रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते, बघावं. ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’ मध्ये येतो. डीव्हीडीसाठी आपला क्रमांक ५. बऱ्याच मोठ्या स्टुडिओंच्या ब्ल्यू-रे सगळीकडे चालतात, पण क्रायटेरियनसारख्या कंपन्यांच्या अमेरिकन ब्ल्यू-रे ‘ए’लाच बांधलेल्या असतात, आणि ब्रिटनमधल्या अनेक खास आवृत्त्या ‘बी’ला. ४के डिस्कला हे बंधन नाही. मात्र जादा साहित्य पुष्कळदा सोबतच्या ब्ल्यू-रेवर असतं, आणि ती बांधलेली निघू शकते. अमेरिकेतून कुणी येणार असेल आणि संच आणायला सांगणार असाल, तर आपल्या प्लेअरच्या पाठीमागचं अक्षर आधी वाचून घ्या.